प्राचीन इजिप्तचा वाकस घडवायचा तर नमुना कुठला घ्यावा?

प्राचीन इजिप्तच्या धाटणीचा वाकस, म्हणजे लाकूड तासायचं सुतारी अवजार, स्वतः घडवायचा असेल, तर मुख्यतः तीन नमुने समोर येतात: देवळाच्या पायाभरणीत पुरलेली अवजारं, मेकेतरे या बड्या अधिकाऱ्याच्या थडग्यातली सुतारशाळेची छोटी लाकडी प्रतिकृती आणि रेखमिरे या वजिराच्या थडग्यातली भित्तिचित्रं. माझं मत आधीच सांगते. दांडा आणि बांधणी पायाभरणीतल्या अवजारांवरून घ्या. पातं मात्र चुकूनही त्यांवरून घेऊ नका.

हात्शेप्सुत राणीने इ. स. पू. 15व्या शतकात थीब्ज (आजचं लक्सर) इथल्या दैर अल-बहरीला देऊळ उभारलं. पायाभरणीच्या वेळी दोरी ताणून आखणी करण्याचा विधी झाला आणि विटांनी बांधून काढलेल्या खड्ड्यांत अन्न, तेलाच्या बरण्या, वाकस, पटाशी, कुऱ्हाड, मोगरी, विटांचा साचा असं सगळं ठेवलं गेलं. अवजारांवर राणीचं आणि देवळाचं नाव लिहिलेलं असल्याने काळ आणि ठिकाण यांबद्दल वाद उरत नाही. शिवाय कोरड्या मातीत लाकूड आणि कातडंही टिकलं, आणि घडवणाऱ्याला हेच हवं असतं. आपल्या वाकसाला दांडा बसवायला भोक असतं. इजिप्तच्या वाकसात सपाट पातं दांड्याच्या वळलेल्या टोकावर टेकवून कातडी पट्ट्यांनी आवळलेलं असे. ओलं कातडं वाळताना आक्रसतं आणि पकड घट्ट होते. विळखे कुठून सुरू होतात, कसे ओलांडतात, हे चित्रात कळत नाही, इथे दिसतं.

पण ही अवजारं देवाला वाहण्यासाठीच केलेली. बरीचशी लहान, पाती पातळ पत्र्याची. तसं पातं लाकडावर मारलं तर वाकेल. पात्याची जाडी आणि झीज बघायची तर ब्रिटिश म्युझियममधली थीब्जची सुतारी अवजारांची टोपली पाहावी.

मेकेतरेची सुतारशाळा साधारण इ. स. पू. 1980ची, म्हणजे राणीच्या पाचशे वर्षं आधीची. पुरातत्त्वज्ञ हर्बर्ट विनलॉक यांना ती 1920 साली सापडली आणि आता ती कैरोत आहे. उभ्या खांबाला फळी बांधून करवतणारा माणूस, वाकसाने तासणारे, पटाशीने खाचा पाडणारा, शेजारी अवजारांची पेटी. हात कसा धरायचा, बसायचं कसं, हे शिकायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही. अवजारं मात्र इतकी बारीक की मापं काढता येत नाहीत.

रेखमिरेची चित्रं राणीच्या काळाला लागून असलेली आणि कामाचा क्रम दाखवणारी: करवत, कमानीचं गिरमिट, सरसाचं भांडं. रंधा कुठेच नाही. लाकूड वाकसाने तासून दगडाने घासत. खुर्ची किंवा पेटी करायची असेल तर इथूनच सुरुवात करा. फक्त वाकस हवा असेल तर ती नंतर पाहिली तरी चालतील.