जीआरई व्हर्बलचा क्लास: शब्द किलोवर, एस्से रामभरोसे (5 पैकी 2 स्टार)

जीआरई म्हणजे परदेशात एम.एस. वगैरेच्या ॲडमिशनसाठीची परीक्षा. तिचा पुण्यातला क्लास आहे, नाव लिहीत नाही कारण रिसेप्शनवरच्या मॅडम खरंच चांगल्या होत्या आणि सर अजून व्हॉट्सॅपवर गुड मॉर्निंग पाठवतात. फी 28,000, क्वांट (गणित) आणि व्हर्बल (इंग्रजी) मिळून. क्वांटचं मला टेन्शन नव्हतं, इंजिनिअरिंग केलंय, कसंबसं जमतं. गेलो होतो ते व्हर्बल आणि एस्सेसाठी. कराडजवळचं गाव, दहावीपर्यंत रयतची शाळा आणि मराठी मीडियम, त्यामुळे इंग्रजी पॅसेज समोर आला की आधी तोंडाला कोरड पडायची.

पहिल्याच दिवशी स्पायरल बाइंडिंग केलेली शब्दांची यादी हातात दिली, 3,500 शब्द. रोज 100 पाठ करा म्हणे, दुसऱ्या दिवशी सर उभं करून विचारणार. मी केले पाठ, बसमध्ये, मेसच्या रांगेत, सगळीकडे. गंमत अशी की यादीत प्रत्येक शब्दापुढे एकच अर्थ. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी, झालं. अहो पण त्याच शब्दाचा अर्थ निर्बंध पण होतो आणि परीक्षेत नेमका कुठला आलाय ते वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही. 'एनर्व्हेट' तर मी कित्येक दिवस एनर्जी देणे असं धरून बसलो होतो, निघालं बरोबर उलटं, अंगातली ताकद काढून घेणे. 'नॉइसम' म्हणजे गोंगाट नाही, घाणेरडा वास. असले शब्द यादीत घोकून डोक्यात बसत नाहीत, फसल्यावरच बसतात.

सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये, म्हणजे रिकाम्या जागेच्या एका प्रकारात, सहा पर्यायांतून दोन निवडायचे असतात, दोन्ही बरोबर तरच मार्क, एक चुकला की भोपळा. क्लासची ट्रिक काय, तर समानार्थी जोडी शोधा आणि टिक करा, वाक्य वाचत बसू नका. पेपर काढणारे काय दुधखुळे आहेत का? ते मुद्दाम एक जोडी अशी टाकतात की दोन्ही शब्द सारखे पण त्या वाक्यात बसतच नाहीत. मी घरी करताना शेवटी एवढंच धरलं की आधी पर्याय हाताने झाकायचे, 'ऑलदो', 'डिस्पाइट', 'फार फ्रॉम' असलं काही दिसतंय का बघायचं, रिकाम्या जागी आपला मराठी शब्द टाकायचा आणि मग हात काढायचा. माणूस एरवी अबोल पण त्या दिवशी मात्र ___, इथे त्या 'पण'नेच अर्धं उत्तर दिलेलं असतं ना.

आता एस्से. इथे मात्र खरंच डोकं फिरलं. सप्टेंबर 2023 पासून परीक्षा छोटी झालीये, पावणेचार तासांची दोन तासांच्या आत आली, आर्ग्युमेंटवाला एस्से (दुसऱ्याचा युक्तिवाद तपासायचा तो) गेला, राहिला फक्त इश्यू (दिलेल्या विषयावर आपलं मत मांडायचं), 30 मिनिटं. तरी आमच्या नोट्समध्ये आर्ग्युमेंटची 14 पानं तशीच. इश्यूसाठी एक टेम्प्लेट, सुरुवात ठरलेली, उदाहरणं ठरलेली, गांधीजी आणि स्टीव्ह जॉब्स. सगळ्या बॅचचे तेच दोघं! परीक्षा घेणारी संस्था, ईटीएस, स्वतः सांगते की एस्से एकमेकांशी जुळतायत का हे तपासायला त्यांच्याकडे सॉफ्टवेअर आहे. मी चार एस्से तपासायला दिले, चारही वर एकच शेरा, 'गुड, ॲड मोअर एक्झाम्पल्स'. रूममेटच्या पेपरवर पण तोच, तोच निळा पेन.

शेवटी जे कामाला आलं ते सगळं फुकट होतं. ईटीएसच्या साइटवर इश्यूच्या विषयांची अख्खी यादी आहे, परीक्षेतला विषय त्यातूनच येतो. प्रत्येक विषयाखाली सूचना असते आणि ती दर वेळी सारखी नसते, कधी शिफारस कुठल्या परिस्थितीत फायद्याची आणि कुठल्या नाही ते सांगा, कधी दोन्ही मतांचा विचार करा. हे क्लासमध्ये एकदाही कुणी बोललं नाही. त्यात एक विषय असा होता की ॲडमिशन मिळालेल्या पण फी परवडत नसलेल्या मुलांना सरकारने कॉलेज फुकट द्यावं. यात स्टीव्ह जॉब्स कशाला पाहिजे? मी कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' घेतली, 1919 सालची रयत, आमच्याच भागातली गोष्ट, हात थांबेना.

पॉवरप्रेप म्हणजे ईटीएसच्याच सराव परीक्षा, त्याच्या दोन टेस्ट पण फुकट, स्क्रीन बरीचशी परीक्षेसारखी. तिथे कळलं की लिहायच्या खिडकीत स्पेलिंगखाली लाल रेघ येत नाही, सगळं आपल्या जिवावर. वैताग एवढाच की तिथे एस्सेला स्कोअर मिळत नाही, नमुन्याचे एस्से वाचून आपणच अंदाज बांधायचा. त्यातला 6 पैकी 4 वाला आणि पूर्ण 6 वाला शेजारी ठेवून वाचा, मी तेच करत बसायचो.

व्हर्बल 170 पैकी 157 आले, एस्से 4. क्लासमधून लगेच फोन, फोटो पाठवा म्हणून. आता त्यांच्या जिन्यात मी लटकलोय, खाली मोठ्या अक्षरात 157. एस्सेचा स्कोअर टाकलेला नाही, बॅनरवर जागा उरली नाही म्हणे.