थंडरफ्युरीच्या नावाने चालवलेली भिशी

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन खेळ सोडून दहा-बारा वर्षं झाली, आता त्याच्या जुन्या अवतारात, क्लासिकमध्ये, परत आलोय, आणि एका कडक शिस्तीच्या गिल्डने, म्हणजे खेळाडूंच्या संघाने, मुलाखत घेऊन ट्रायलवर, म्हणजे चाचणीवर, घेतलंय, अशी ज्यांची गत आहे त्यांनी हे वाचावं. माझ्याकडून आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणांकडून एका युरोपियन गिल्डने खेळातला माल पद्धतशीर उकळला. गिल्डचं नाव देत नाही. नाव बदलायला त्यांना पाच मिनिटं पुरतात. पद्धत ओळखता आली तर काही उपयोग.

मी खेळायचो ते लिच किंग या विस्ताराच्या काळात, २००८ च्या शेवटापासून पुढची काही वर्षं. मग नोकरी, लग्न, मुलगी. २०१९ मध्ये क्लासिक निघालं तेव्हा घरात तान्हं बाळ होतं, ते हुकलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये खेळाच्या विसाव्या वर्षाच्या निमित्ताने नवे कोरे सर्व्हर सुरू झाले, सगळ्यांचीच सुरुवात पहिल्या लेव्हलपासून, तेव्हा म्हटलं आता बसूच. भारतात या खेळाचे सर्व्हर नाहीत. ऑस्ट्रेलियातली संध्याकाळची रेड, म्हणजे बऱ्याच जणांनी मिळून करायची मोठी मोहीम, आपल्याकडे भर दुपारी पडते, म्हणजे ऑफिस. उरला युरोप. तिथले रात्रीचे आठ म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेअकरा, हिवाळ्यात साडेबारा. घरातले झोपलेले, कानाला हेडफोन, सकाळी पुन्हा मीटिंग. इथे बसून युरोपात रेड करणाऱ्या प्रत्येकाला हे गणित पाठ असतं, आणि त्यामुळेच गिल्ड निवडताना आपण फार चोखंदळ राहत नाही. वेळ जमतेय, घेतायत, चला.

हे गिल्ड मात्र येईल त्याला घेणारं नव्हतं. अर्ज लांबलचक. वॉरक्राफ्ट लॉग्ज या साइटवरचे, लढाईत कोण किती कामाचा ते दाखवणारे आकडे मागायचे. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर गिल्डचे दोन ऑफिसर तोंडी मुलाखत घ्यायचे. रेडच्या पंधरा मिनिटं आधी हजर, फ्लास्क आणि औषधं स्वतःची, आणि ओनिक्सियाच्या खवल्यांचा झगा नसेल तर ब्लॅकविंग लेअर या रेडच्या दारातूनच परत. झग्याची अट रास्तच आहे. तो नसेल तर तिथल्या ड्रॅगनांच्या शॅडो फ्लेमने माणूस जागेवर संपतो. खरं तर सगळ्याच अटी रास्त होत्या. इतकी वर्षं बाहेर राहिलेल्या माणसाला अशी शिस्त बघून बरं वाटतं, इथे लोक मनापासून खेळतात असं वाटतं. आता विचार केला तर ती शिस्तच आमिष होती. जो दारातच तुमची एवढी झडती घेतो, त्याची झडती घ्यायचं तुम्हाला सुचत नाही.

आता माल काय उकळला ते. थंडरफ्युरी ही तलवार म्हणजे टँकचं, शत्रूचे वार अंगावर घेणाऱ्या खेळाडूचं, स्वप्न. तिच्यासाठी मोल्टन कोअर या रेडमधल्या गार आणि बॅरन गेडन या बॉसकडून एकेक बाइंडिंग, म्हणजे तिचा एक भाग, लागतं, आणि ती पडण्याची शक्यता फार कमी असते. तिथल्याच रॅग्नरॉसकडून इसेन्स लागतो. शिवाय दहा एन्चांटेड एलिमेंटियम बार, म्हणजे धातूच्या विटा. खरी मेख इथे आहे. असा एक बार गाळायला दहा आर्केनाइट बार जातात, म्हणजे एका तलवारीला शंभर. आर्केनाइटला आर्केन क्रिस्टल हवा, तो थोरियमच्या शिरेत क्वचित सापडतो, आणि बार घडवणाऱ्या अल्केमिस्टलाही ते एकामागून एक बनवता येत नाहीत, मध्ये थांबावं लागतं. शंभर आर्केनाइट ही एकट्याच्या आवाक्यातली गोष्ट नाही. वर्गणीच काढावी लागते, आणि प्रामाणिक गिल्डही ती काढतात. त्यामुळे कोणी आर्केनाइट मागितलं तर संशय यायचं कारणच नसतं. चोराने फार विचार करून वस्तू निवडली होती.

बाइंडिंग पडलं की ते त्या कॅरेक्टरला चिकटतं, विकता येत नाही. आर्केनाइट कोणत्याही दिवशी खेळातल्या लिलावाच्या बाजारात, ऑक्शन हाऊसमध्ये, सोन्याला खपतं. आमच्या मेन टँककडे गारचं बाइंडिंग खरोखर होतं, चाळीस जणांदेखत पडलेलं, स्क्रीनशॉट डिस्कॉर्डवर पिन केलेला. दाखवायला खरी वस्तू होती आणि गोळा करायला विकाऊ. टँक बिचाऱ्याचा यात हात नसावा. शेवटी त्याच्याकडे अर्धवट बाइंडिंग राहिलं आणि आमच्याइतकाच तोही हात चोळत बसला.

माझ्यासारख्या जुन्या खेळाडूचा घोळ इथे होतो. आम्ही खेळायचो तेव्हा गिल्ड बँक होती. ती २००७ मध्ये, बर्निंग क्रूसेडच्या काळात आली आणि नोंदवहीसकट आली. कोणी काय ठेवलं, कोणी काय काढलं, सगळं दिसायचं. व्हॅनिलात, म्हणजे विस्तारांच्या आधीच्या मूळ खेळात, ही बँकच नाही. तिथे बँक म्हणजे आयर्नफोर्ज शहरात उभं असलेलं पहिल्या लेव्हलचं एक कॅरेक्टर. सगळ्यांनी त्याच्या नावाने मेल करायची आणि आत काय आहे ते फक्त त्या अकाउंटच्या मालकाला दिसणार. आमच्याकडे मालक म्हणजे गिल्ड लीडर. हिशेबाची शीट होती म्हणे, पण ती ऑफिसरांपुरती. आपल्याकडच्या भिशीत निदान वही असते आणि भिशी चालवणाऱ्या काकू त्याच गल्लीत राहतात. इथे ना वही, ना गल्ली.

ट्रायलवाल्यांना कोटा ठरलेला होता. तो पूर्ण करत आणला की लीडरचा व्हिस्पर, म्हणजे खासगी संदेश, यायचा. भाषा अगदी गोड. बाकीच्यांचं सगळं आलंय, फक्त बारा बार कमी पडतायत, तुझ्याकडून झाले तर ट्रायलचं आजच मिटवून टाकू. बारा म्हणजे थोडेच. एवढे दिले, आणखी थोड्यांसाठी कुठे अडायचं? रात्री रेड, आणि रेड नसेल त्या रात्री विंटरस्प्रिंगच्या बर्फात थोरियम शोधत फेऱ्या. तिथे माझ्यासारखेच आणखी दोन मायनर, म्हणजे खनिज खणणारे, त्याच शिरांवर टपलेले असायचे. पुढे कळलं की तेही आमच्याच गिल्डचे होते, वेगळ्या कॅरेक्टरवर.

मध्यंतरी ब्लॅकविंग लेअरमध्ये एक प्रकार घडला. एका रात्री एक अनोळखी वॉरियर आला. अंगावर साधं निळं सामान, झग्याचा पत्ता नाही. झग्याची सक्ती आम्हाला, त्याला नाही. रेझरगोर या पहिल्याच बॉसच्या आधी तो मेला आणि तसाच पडून राहिला. कोणी उठवलं नाही, त्यानेही मागणी केली नाही. शेवटचा बॉस नेफेरियन पडला, अश्कंडी ही मोठी तलवार निघाली, आणि लूट वाटणाऱ्या मास्टर लूटरने ती सरळ त्या दारातल्या मढ्याच्या हातात दिली. व्हॉइस चॅनेलवर सगळे चिडीचूप. मग एका ऑफिसरने खुलासा केला की जुना मित्र आहे, पुढच्या आठवड्यापासून नियमित येणार. तो पुन्हा आला नाही. या नव्या सर्व्हरवर सोन्याच्या बोलीवर लूट विकणाऱ्या रेडवर, जीडीकेपीवर, बंदी आहे. विकायचं तर असंच गुपचूप विकावं लागतं. पैसे कुठे आणि कशात दिले गेले ते मला माहीत नाही, पण ती अश्कंडी मैत्रीखातर गेली यावर माझा विश्वास नाही. बाकीचे आम्ही राब राबलो ते त्या मढ्याला तलवार मिळावी म्हणून.

उलगडा झाला तो एका शिवीमुळे. नेफेरियनवर वाइप झाला, म्हणजे आमचे सगळे मेले, माझा माईक चालू राहिला आणि तोंडातून 'आयला' निघून गेलं. दुसऱ्या मिनिटाला एका प्रीस्टचा रोमन लिपीत व्हिस्पर: ‘दादा, मराठी का?’ गडी नाशिकचा, नोकरीला जर्मनीत, तोही ट्रायलवर. रेडनंतर बोलत बसलो. नाशिकच्या मिसळीवरून गाडी गिल्डवर आली.

‘दादा, एक विचारू? तुझे बार पूर्ण झाले?’

‘झाले म्हणायचे. बारा कमी होते, ते देतोय.’

तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, ‘मला पण बाराच सांगितलेत.’

मग आम्ही दोघांनी बाकीच्या ट्रायलवाल्यांना एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. गिल्ड चॅटवर काही नाही, सगळं खासगीत. एक पोलिश, एक पोर्तुगीज, दोन डॅनिश पोरं, आणखी काही. प्रत्येकाला बाराच कमी होते. सगळ्यांनी आजवर दिलेले बार बेरजेला घेतले तर आकडा शंभराच्या दुपटीच्या वर गेला. तलवार एकच होती, तीही अजून अर्धीच, कारण गेडनचं बाइंडिंग पडलेलंच नव्हतं.

नाशिककराने शीट दाखवा म्हणून सभ्य भाषेत विचारलं. लीडरचं उत्तर आलं की ज्याला गिल्डवर भरवसा नाही त्याची ट्रायल संपली. आम्हा दोघांना गिल्डमधून काढलं आणि त्याच क्षणी डिस्कॉर्डमधूनही. ही चाल लक्षात ठेवा. डिस्कॉर्डमधून काढलं की तिथल्या चॅनेलमधलं जुनं बोलणं आपल्याला दिसेनासं होतं, आणि पुरावा सगळा तिथेच असतो. पुढच्या बुधवारी रेडचा आठवडी रीसेट झाला तेव्हा गिल्डच उरलं नव्हतं, लीडरने विसर्जित केलं. ते बँकेचं कॅरेक्टर माझ्या फ्रेंड्स लिस्टमध्ये अजून आहे, त्यानंतर कधी ऑनलाइन दिसलं नाही. आमचे बार विकून आलेलं सोनं काळ्या बाजारात खऱ्या पैशाला विकलं गेलं असणार असं आम्ही धरून चाललोय.

अशी गिल्ड आधी ओळखता येते का? येते, आणि त्याच साधनाने, ज्याने ती तुम्हाला तपासतात. वॉरक्राफ्ट लॉग्जवर गिल्डच्या पानावर हजेरी असते, कोण कोणत्या रेडला होतं त्याची. ती मागच्या काही महिन्यांची उघडा. आम्ही नंतर उघडली. वरची पंधरा-वीस नावं कायम, आणि खालची काही नावं तीन-चार आठवडे दिसून गायब, मग नवी नावं, तीही तेवढाच काळ. माणसं गिल्ड सोडतात हे खरं, पण ती अशी तुकडीने, ठरावीक मुदतीने सुटत नाहीत. गायब झालेल्यांपैकी दोघा-तिघांना गेममध्ये व्हिस्पर करून विचारा की का सोडलंत. आम्ही विचारलं. पहिल्याच माणसाने उलट विचारलं, ‘तुम्हालाही बारा?’

ट्रायलवाल्यांपैकी एका डॅनिश पोराला याच लोकांनी लूट मोजायचं 'खासगी अ‍ॅडऑन' म्हणून एक फाइल पाठवली होती, शेवटी डॉट ईएक्सई. त्याने उघडली नाही, शहाणा. या खेळाचं अ‍ॅडऑन म्हणजे इंटरफेसमधल्या अ‍ॅडऑन्सच्या फोल्डरमध्ये टाकायच्या लुआ या भाषेतल्या साध्या फाइली असतात. डबल क्लिक करून बसवायचा प्रोग्राम कोणी गिल्डच्या नावाने पाठवला तर तो अकाउंटवर डोळा ठेवूनच. ऑथेंटिकेटर (पासवर्डनंतर दुसरी खात्री मागणारं कुलूप) लावला नसेल तर आधी तो लावा, बाकीचं नंतर वाचा.

आणि जे आत्ता अशा गिल्डमध्ये आहेत, वर्गणी देतायत आणि मनात थोडी पाल चुकचुकतेय, त्यांच्यासाठी. या खेळात पाठवलेल्या मेलची नोंद राहत नाही, पाठवलं की गेलं. म्हणून सेंडचं बटण दाबायच्या आधी मेलचा स्क्रीनशॉट घ्या, नाव आणि नग दिसतील असा. कोट्याबद्दलचं डिस्कॉर्डवरचं बोलणं लीडरला काही विचारायच्या आधी साठवून ठेवा. बरोबरीच्या ट्रायलवाल्यांना खासगीत आकडे विचारा आणि बेरीज करा. शीट मागायची तर आठ-दहा जणांनी एकदम, गिल्ड चॅटवर, रेड सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी मागा. त्या वेळी आठ जणांना काढून टाकणं लीडरला परवडत नाही, कारण चाळीसची रेड बत्तीसात रेटायची त्याची तयारी नसते. स्वतःच्या हाताने मेल केलेलं सामान सपोर्टकडून परत मिळेल ही आशा धरू नका. तक्रार मात्र कराच. युरो किंवा रुपये दिले असतील तर ते खेळातलं भांडण उरत नाही. भारतात असाल तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, आणि तो त्याच दिवशी करा.