टोल्यांचं जुनं घड्याळ: आठ महिन्यांचा अनुभव

जानेवारीत मुंबईच्या चोरबाजारातून, मटण स्ट्रीटवरच्या एका दुकानातून मी जुनं चावीचं घड्याळ घेतलं. साडेनऊ हजार पडले. आता गणपती झाले. म्हणजे थंडी, उन्हाळा आणि पावसाळा, तिन्ही त्याने आमच्या पुण्याच्या घरात काढले. कुणाच्या मनात असं घड्याळ घ्यायचं असेल तर हे वाचा. घेताना मी जे बघितलं नाही, तेच पुढे महत्त्वाचं ठरलं.

घड्याळ युंगहान्सचं. जर्मनीतल्या श्राम्बर्गची ही कंपनी १८६१ साली सुरू झाली. मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतरत जाणारं, नेपोलियनच्या टोपीसारखं लाकडी खोकं, आठवड्याची चावी, अर्ध्या तासाला एक आणि तासाला तासाइतके टोल. अशी घड्याळं मुळात शेकोटीवरच्या फळीसाठी बनलेली, म्हणून मॅन्टल क्लॉक. आमच्याकडे ते सागवानी कपाटावर बसलं आहे. मागचं दार उघडलं की पितळी पत्र्यावर आठ टोकांचा तारा, त्यात इंग्रजी ‘जे’ अक्षर आणि जवळच बारीक ठशात ‘बी २७’. ए म्हणजे वर्षाची पहिली सहामाही, बी म्हणजे दुसरी. यंत्र १९२७ च्या उत्तरार्धातलं. माझ्या आजीचं जन्मसाल तेच. माझं मन तिथेच बसलं.

आणि तिथेच चूक झाली. मी लाकडाचं पॉलिश बघत राहिले, यंत्र बघितलंच नाही. पुढे घड्याळजी काकांनी भिंग हातात देऊन दाखवलं तेव्हा कळलं, की मागच्या पत्र्यावर चाकांच्या आसांची टोकं ज्या भोकांत फिरतात ती भोकं गोल हवीत. माझ्या घड्याळातलं एक भोक झिजून लांबट झालं होतं आणि त्याच्याभोवती ठिपक्यांची रांगोळी होती. कुणीतरी कधीकाळी छिन्नीने पितळ ठोकून भोक आवळलं होतं. अशी ठिपकेवाली दुरुस्ती दिसली की भाव निम्म्यावर आणा, नाहीतर पुढचं दुकान बघा. चाकाला बोटाने अलगद हलवलं तर आस किंचित हलणारच, पण ती खडखड डुलता कामा नये. लाकूड नंतर कुणीही सुतार नीट करून देतो, झिजलेलं यंत्र नीट करणारे हात आता मोजकेच उरलेत.

घरी आणून लावलं तर दहा मिनिटांत बंद. प्रवासात लंबक काढायचा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लंबक ज्या पट्टीवर लोंबतो ती कागदाइतकी पातळ पोलादी पट्टी गाडीतल्या हिसक्यांनी वाकली होती. नवी बसवली, तरी ठोका लंगडाच. टिक... टॉक-टिक... टॉक. दोन्ही आवाजांमधलं अंतर सारखं नसेल तर घड्याळ आज ना उद्या थांबतंच. मी डाव्या पायाखाली दोन रुपयांचं नाणं सरकवलं आणि तोल आला, कानाला लगेच कळलं. नंतर काकांनी आतली लंबक हलवणारी तार केसभर वाकवून नाणं काढून टाकलं. हा ताल कानाने ओळखायला शिका. दुकानात घड्याळ चालू करून निदान पंधरा मिनिटं शांतपणे ऐका, विक्रेता कितीही घाई करू दे.

तेलाचंही सांगते. विक्रेत्याने यंत्र जवळजवळ तेलात बुडवून दिलं होतं आणि त्याला खोबरेलाचा वास होता. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठतं. पुण्यातल्या जानेवारीच्या पहाटे चाकांचं काय होत असेल? सगळं खोलून, धुऊन, घड्याळाचं तेल थेंबाथेंबाने घालायला ३,८०० रुपये आणि तीन आठवडे लागले. हा खर्च किमतीत धरूनच चाला. शिलाई मशीनचं तेल, गंज काढायचा फवारा, यातलं काही घरी मारू नका.

टोल्यांवरून घरात थोडी नाराजी झाली. आईची झोप सावध, रात्री बाराचे टोले तिला सोसेनात. म्हणून चावीच्या दोन भोकांपैकी टोल्यांच्या भोकात मी चावी देणंच सोडलं, फक्त वेळेच्या भोकात देत राहिले. टोल्यांची कमान, म्हणजे चावीने आवळली जाणारी स्प्रिंग, उतरली आणि घड्याळ एकाच्या आधी अडकून बंद पडलं. कारण असं, की टोले मोजणारा दात्यांचा दांडा दर तासाला खाली पडतो आणि टोले वाजता वाजता पुन्हा वर उचलला जातो. कमानीत जोर नसेल तर तो खालीच राहतो, आणि गोगलगायीच्या शंखासारख्या पायऱ्यांच्या चकतीवर बाराची पायरी संपून एकची येताना तिला अटकतो. म्हणून चावी दोन्हीकडे द्यायचीच. खरा उपाय हातोडीच्या टोकाशी निघाला. तिथलं चामडं दगडासारखं कडक झालं होतं. काकांनी मऊ चामड्याचा नवा तुकडा बसवला. आता टोला घुमतो, टोचत नाही. परवा आईच म्हणाली, “अगं, साडेपाच वाजले वाटतं, दूध ठेव.” ती आत होती, घड्याळ बाहेर.

वेळ कशी राखतं? चावी दिल्यावर पहिले दोन दिवस जरा पुढे, शेवटचे दोन दिवस मागे; आठवड्याचा हिशेब मिनिटभरात बसतो. उन्हाळ्यात आणखी मागे पडलं. दहा अंश तापमान वाढलं की पोलादी दांडीचा लंबक लांबतो आणि दिवसाला साधारण पाच सेकंद जातात. लंबकाखालची चकती अर्धा फेरा वर घेतली, काम झालं. काटे मात्र उलटे फिरवायचे नाहीत. पुढे नेताना प्रत्येक टोल वाजू द्यायचा. रविवारी सकाळी चहाआधी चावी, हे आता अंगवळणी पडलंय. पूर्ण चावी दिल्याने घड्याळ बिघडतं असं सगळे सांगतात, ते खरं नाही. बंद पडतं ते मळाने.

पावसाळ्यात उजव्या टोकाचा लाकडी पापुद्रा फुगला. कपाट पश्चिमेच्या खिडकीपासून हलवलं, आत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवल्या, त्यानंतर वाढला नाही.

चोरबाजारात संगमरवरी दिसणारी सेथ थॉमस या अमेरिकन कंपनीची काळी घड्याळंही बघितली होती. हाताला हलकी लागली तर समजा, आत लाकूड आणि वर सेल्युलॉइडचा, म्हणजे एका जुन्या प्लास्टिकचा थर आहे. तीही छान असतात, पण पुष्कळशा जुन्यांत टोले खाचांच्या चाकावर मोजले जातात. ते एकदा चुकलं की तीन वाजता सात टोले, आणि हाताने जुळवत बसावं लागतं. तबकडीवर चावीची तीन भोकं असतील तर पाव तासाला वाजणारी वेस्टमिन्स्टरची, म्हणजे लंडनच्या बिग बेनची धून. ऐकायला गोड, पण दुरुस्तीही त्या मानाने. पहिल्यांदा घेणाऱ्याने दोन भोकांचं घ्यावं. आणि मागचं दार उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जुन्या खोक्यात बॅटरीचं यंत्र घातलेली दोन मी स्वतः पाहिली, चावीची भोकं नुसती शोभेला.

ते लांबट भोक अजून तसंच आहे. डिसेंबरात काका त्यात नवी पितळी बुशिंग, म्हणजे आस फिरायला छोटी नळी, बसवणार आहेत, पंधरा दिवस घड्याळ त्यांच्याकडे राहील. आईने आत्ताच विचारलंय, तेवढ्यापुरतं दुसरं मिळेल का.