‘गाडी शिकतेय, थोडे दिवस द्या’: ऑटोमॅटिक पिकअपच्या व्यवहारात मी कसा गंडलो

आधी आकडे सांगतो, म्हणजे लाजेचा भाग एकदाचा उरकेल. जुनी डबल कॅब डिझेल पिकअप, सहा गिअरांची ऑटोमॅटिक, १४,३५,००० रुपये. त्यातले ५१,००० टोकन म्हणून यूपीआयने दिले, ११,९४,००० आरटीजीएसने आणि १,९०,००० रोख. रोखीची पावती घेतली नाही. रोख २ लाखांच्या आत ठेवायची हा हिशोब गाडी विकणाऱ्या दुकानदाराचा होता आणि पक्का होता. गाडी दारात आल्यावर गिअरबॉक्सपायी गेले ते २,६३,६०० वेगळे.

आता ‘जुनी गाडी घेताना जरा बघून घ्यायचं ना’ म्हणणाऱ्यांसाठी. बघितलं होतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाचे डाग पाहिले, चासीच्या कडेने टॉर्च मारला, टायरवरचे आठवडे-वर्ष वाचले, पेडलचं रबर आणि मीटरवरचे किलोमीटर जुळतात का तेही पाहिलं. मी दूधखुळा नाही. माझी फळरोपांची नर्सरी आहे, गाड्यांशी रोजचा संबंध आहे. डाव्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झाल्यामुळे क्लच दाबवत नाही, म्हणून ऑटोमॅटिकच हवी होती. अशा पिकअप आपल्याकडे मुळात कमी, त्यात जुनी आणि चांगली मिळणं म्हणजे नशीब. ही माझी गरज त्याने पहिल्या फोनवरच ओळखली असणार. गुडघ्याची गोष्ट मीच सांगितली. सांगायची काही गरज होती का?

तर तो क्षण. गेले दीड वर्ष रोज रात्री मी त्या क्षणापाशी जातो.

माझ्याकडे ९०० रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर आहे. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर वाचायच्या जागेला, लावायचा आणि मोबाइलवर बघायचं. तो मी लावला. फॉल्ट कोड, म्हणजे कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाड, एकही नाही. खूश झालो. पण त्याच स्क्रीनवर खाली एक ओळ असते, कोड पुसल्यापासून गाडी किती चालली ती. तिथे ९ किलोमीटर दिसत होते. ८० हजार किलोमीटर पळालेल्या गाडीत कोड पुसून ९ किलोमीटर! मी विचारलंसुद्धा. दुकानातला पोरगा म्हणाला, “काका, काल नवीन बॅटरी टाकली ना, म्हणून.” बॅटरी काढली की काही गाड्यांत हा आकडा शून्यावर येतो हे खरं आहे, आणि ते मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी मान डोलावली.

पण दहा मिनिटांपूर्वी बॉनेट मीच उघडलं होतं. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी भुकटी साचलेली मी याच डोळ्यांनी पाहिली होती. काल टाकलेल्या बॅटरीवर भुकटी धरते का? दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात होत्या, फक्त एकमेकींना भेटल्या नाहीत. तेवढ्यात चहा आला.

टेस्ट ड्राइव्हला गेलो तेव्हा इंजिन आधीच गरम होतं. एसी फुल, गाणी चालू. आधी दुकानदाराने चालवली, ती गिअरचा लिव्हर मॅन्युअलच्या बाजूला ढकलून, दुसऱ्या-तिसऱ्यातच. “पिकअप बघा काका!” मग मी बसलो. तिसऱ्यातून चौथा पडताना आरपीएमचा काटा १,८०० वरून एकदम २,५०० ला गेला, गाडीने मात्र वेग घेतला नाही, आणि मग मागून कुणीतरी लाथ घातल्यासारखा हिसका बसला. मी त्याच्याकडे पाहिलं. तो हसून म्हणाला, “ऑटो गिअर आहे काका. बॅटरी काढल्यामुळे सगळं विसरलीय. गाडी शिकतेय. तुमच्या पायाची सवय झाली की पाचशे किलोमीटरमध्ये लोणी होईल.”

हे खोटं इतकं चांगलं का होतं, तर त्यात बरंच खरं होतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर खरंच शिकतो. आतल्या प्रत्येक क्लचमध्ये तेल भरायला किती वेळ लागतो, किती दाबावर तो पकडतो, हे तो मोजत राहतो आणि त्याप्रमाणे दाब जुळवतो. ती आठवण पुसली की सुरुवातीचे काही दिवस शिफ्ट थोडे खरबरीत होतात. हे मी आधी वाचलेलं होतं. म्हणजे तो बोलत होता आणि त्याच्या थापेला दुजोरा माझंच वाचन देत होतं. त्याने न सांगितलेला भाग असा, की या शिकण्याचं मुख्य काम झीज भरून काढणं आहे. क्लचच्या प्लेटा झिजतात, कॉम्प्युटर दाब वाढवून सांभाळून घेतो. सांभाळण्याची हद्द संपली की तो कोड टाकतो, दिवा लावतो. कोड पुसला की दिवा जातो. प्लेटा तशाच जळक्या राहतात.

आणि पाचशे किलोमीटरच का? त्याने दिलेल्या कागदावर ‘इंजिन व गिअरबॉक्स वॉरंटी ३० दिवस किंवा १,००० किमी, जे आधी होईल ते’ असं लिहिलेलं होतं. आता कळतंय ना?

घरी आणल्यावर बायको पहिल्याच दिवशी म्हणाली, ही गाडी उचकी लागल्यासारखी का करते? मी तिला क्लचच्या दाबावर व्याख्यान दिलं. ६२० किलोमीटरला फोन केला. “अजून थोडी चालवा, लोड टाकून चालवा, लवकर शिकेल.” मी लोडसुद्धा टाकला! २३व्या दिवशी रोपांच्या पिशव्या भरून, साधारण ६०० किलो, घाट चढत होतो. गिअरबॉक्सच्या तेलाच्या तापमानाचा दिवा लागला, इंजिन ३,५०० वर ओरडतंय आणि गाडी वीसच्या पुढे सरकत नाही. जळक्या तेलाचा वास. वळणावर कशीबशी कडेला घेतली. विकत घेतल्यापासून १,०८६ किलोमीटर. त्याला फोन लावला तर त्याने पहिला प्रश्न विचारला, “मीटर किती झालं?” मला बरं-वाईट काही झालंय का, गाडी कुठे आहे, काही नाही. आणि आकडा ऐकल्यावर, “मग वॉरंटी संपली की काका.”

८६ किलोमीटर.

गाडी उचलून न्यायला ६,५०० रुपये. इथे एक ऐका, ऑटोमॅटिक गाडी दोरीने ओढत नेऊ देऊ नका. इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्सचा तेलपंप बंद, आणि चाकं फिरत राहिली की आतलं सगळं कोरडं घासतं. पूर्ण ट्रकवर चढवणाराच बोलवा. एवढी एक गोष्ट त्या दिवशी मी बरोबर केली. पुढची लगेच चुकलो. पहिल्या गॅरेजवाल्याने ‘फक्त ऑइल खराब आहे, फ्लश मारू’ म्हणून १८,७०० घेतले. चार दिवस गाडी बरी चालली आणि पुन्हा तेच. तो फसवा होता की अडाणी, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्याचं एक वाक्य लक्षात राहिलं. जुनं तेल काढताना म्हणाला, “हे फार घट्ट आहे, यात काहीतरी टाकलंय.” गिअर घसरत असेल तर तेल घट्ट करणारं औषध टाकून काही दिवस झाकता येतं. तो पुरावा होता. त्याने तो माझ्यासमोर काळ्या तेलाच्या ड्रममध्ये ओतला आणि मी बघत उभा राहिलो. तेल काढलं तर एक बाटली भरून ठेवा, तारीख घालून, फोटो काढून. काढणाऱ्याला खुळचट वाटलं तरी चालेल.

शेवटी गिअरबॉक्सचंच काम करणाऱ्या माणसाकडे गेलो. त्याने गिअरबॉक्सखालचं तेलाचं पॅन उघडलं. आतल्या चुंबकावर करड्या पेस्टचा पातळ थर असणं रोजचंच, तो म्हणाला, पण इथे क्लचच्या प्लेटांवरचं अस्तर काळ्या कपच्यांसारखं तरंगत होतं. प्लेटा बदल, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग), व्हॉल्व्ह बॉडीची (क्लचकडे तेलाचा दाब वळवणाऱ्या भागाची) दुरुस्ती, तेल, मजुरी मिळून २,३८,४०० रुपये.

काम चालू असताना तो मला शिकवत होता आणि मला शाळेत उशिरा घातलेल्या पोरासारखं वाटत होतं. सकाळी गार असताना गाडी वरचा गिअर उशिरा टाकते, इंजिन जरा जास्त फिरवते, ते ठीक आहे. उतारावर ब्रेक लावला की आपणहून खालचा गिअर घेते, तेही ठीक. लोक याच्याच तक्रारी करतात. पण रात्रभर उभी गाडी चालू करून डी (पुढे जायचा गिअर) टाकला आणि पकड यायला दीड-दोन सेकंद लागली, तर तिथूनच मागे फिरा. म्हणून गाडी बघायला सकाळी जायचं, न सांगता, आणि आधी बॉनेटवर हात ठेवायचा. गरम असेल तर ‘उद्या येतो’. दुसरं, सपाट रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगाने, पाय हलका ठेवून पाच मिनिटं चालवायची. रस्त्यावरच्या छोट्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर आली तर डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करायचा. थरथर लगेच थांबली तर टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचवर, म्हणजे वेग स्थिर झाला की इंजिन थेट जोडणाऱ्या क्लचवर, संशय घ्या, कारण ब्रेकला पाय लागताच तो सुटतो. ही तपासणी फुकट आहे. मला ती २,३८,४०० रुपयांना पडली.

आधीच्या मालकाचा नंबर ग्लोव्ह बॉक्समधल्या जुन्या विमा पॉलिसीवर सापडला. सज्जन माणूस. म्हणाला, “मी तर गिअरबॉक्सचं सांगूनच दिली. म्हणून ८८,००० कमी घेतले.” लिहून द्याल का विचारलं तर, “दादा, मला कोर्टकचेरीत ओढू नका.” सज्जनपणा तिथे संपला. माझा फोन तेव्हा रेकॉर्डिंगवर नव्हता.

आता सरकारी दारं.

पोलीस चौकीत अडीच तास बसवून साहेब म्हणाले, हे सिव्हिल मॅटर आहे. मी म्हटलं, दोष माहीत असून लपवला, ही ४२० नाही का? हवालदार म्हणाला, “४२० आता ३१८ झालं.” नव्या भारतीय न्याय संहितेचं कलम त्याला तोंडपाठ होतं, तक्रार मात्र लिहून घेतली नाही. साध्या कागदावर अर्ज घेतला, पोच द्यायला पुन्हा दोन फेऱ्या.

आरटीओत गेलो. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्यांनी परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घ्यायचं, गाडी ताब्यात घेतल्याची नोंद करायची, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून आहे. माझ्या दुकानदाराकडे ते आहे का, एवढंच मला हवं होतं. तीन टेबलं फिरलो. पहिला म्हणाला लेखी द्या, दुसरा म्हणाला हे आमच्याकडे नाही, तिसऱ्याने माझेच मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० माझ्यासमोर ठेवले. विकणारा आधीचा मालक, घेणारा मी. मधल्या दुकानदाराचं नाव कुठेच नाही! “तुमचा व्यवहार त्याच्याशी झालाच नाही की.” मी त्या कागदांवर सही करताना हे वाचलं नव्हतं का? वाचलं होतं. सगळे असंच करतात म्हणाला होता, आणि खरंच सगळे असंच करतात. म्हणून सांगतो, पैसे ज्याच्या खात्यात जातात त्याच्या नावाचं बिल घ्या, त्यावर गिअरबॉक्सची स्थिती त्याच्या अक्षरात लिहून घ्या. नाही म्हणाला तर त्यातच तुम्हाला उत्तर मिळालं.

१९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन केला. बाई गोड बोलल्या, तक्रार क्रमांक आला. एकवीस दिवसांनी संदेश: समोरच्या पक्षाच्या म्हणण्यानुसार गाडी ‘जशी आहे तशी’ तत्त्वावर विकली होती, तक्रार बंद. म्हणजे चोराला विचारलं, तो नाही म्हणाला, फाईल मिटली.

मग जिल्हा ग्राहक आयोग. माझ्या रकमेच्या तक्रारीला फी ४०० रुपये, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, मुदत दोन वर्षांची. इथवर कायदा छान आहे. निकाल तीन महिन्यांत, वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असंही त्यात लिहिलंय. माझी तक्रार दाखल होऊन चौदा महिने झाले. दोन तारखा सदस्य नाहीत म्हणून गेल्या, एक दुकानदाराच्या वकिलांची तब्येत, एक कसली ते कुणी सांगितलंच नाही. मग विचारणा झाली, तज्ज्ञाचा अहवाल कुठे? गाडी आता दुरुस्त झालेली, अहवाल कशाचा आणणार? दुरुस्त केली नसती तर चौदा महिने रोपं डोक्यावर वाहिली असती का? कुणाकडे दाद मागायची असेल तर उघडलेल्या गिअरबॉक्सचा लेखी अहवाल, सही-शिक्क्यासह, दुरुस्तीआधी घ्या. माझ्याकडे आहेत त्या जळक्या प्लेटा, खताच्या गोणीत बांधून ठेवलेल्या. प्रत्येक तारखेला नेतो, परत आणतो. शिपाई आता ओळखतो. “ती गोणी बाहेर ठेवा काका, तेल गळतं.”

त्यांचा लेखी जबाब आला तो चव्वेचाळिसाव्या दिवशी. ३० दिवस अधिक वाढीव १५, त्यातला एक दिवस शिल्लक ठेवून. पहिली पानं ठरलेली, आम्ही फक्त मध्यस्थ, रोख रक्कम मिळालीच नाही, वगैरे. सहाव्या परिच्छेदात मात्र लिहिलंय की या प्रकारचा गिअरबॉक्स चालकाच्या सवयी शिकून घेतो, आणि तक्रारदाराने गाडी चुकीच्या पद्धतीने, जादा भार टाकून चालवल्यामुळे त्याने चुकीच्याच सवयी शिकल्या.

पुढची तारीख २२ची आहे. गोणी गाडीत टाकून ठेवलीय.