मित्राला जामीन राहिलो, 54,500 रुपये गेले

"भाऊजी, फक्त एक सही लागते," असं वहिनी रडत म्हणाल्या. बावीस वर्षांची दोस्ती, तो चेक बाऊन्सच्या केसमध्ये आत, मुलगी दहावीला. नाही म्हणवलं नाही. मी मूर्ख नाही, पण समोर बाई रडत असताना कागद कोण तपासतं?

तपासायला हवा होता. अर्जावर 'अजामीनपात्र वॉरंट रद्द करून' असं स्वच्छ मराठीत लिहिलं होतं. चेक बाऊन्सचा गुन्हा जामीनपात्र असतो, मग माणूस आत का? कारण तो आधीच जामिनावर सुटून तारखा बुडवत होता! व्हरांड्यात एका गृहस्थाने मला विचारलं, "या वेळी तुम्ही का?" मला तो वकिलाचा माणूस वाटला. तो त्याचा आधीचा जामीनदार होता, स्वतःच्या नोटिशीसाठी आलेला. ते 'या वेळी' अजून कानात आहे. सही करण्याआधी ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी वेबसाइटवर केस उघडून मागच्या तारखा बघा, पाच मिनिटं लागतात.

वकिलाच्या फीसाठी त्याला उसने 15,000 दिले, ऐपतीच्या दाखल्यासाठी एजंटला 3,500. बंधपत्र 50,000 चं, म्हणजे तो तारखेला आला नाही तर ती रक्कम माझ्यावर. दोन तारखांना तो आला, तिसरीला नाही. खोलीला कुलूप, फोन बंद. मग मला नोटीस: रक्कम का वसूल करू नये?

तो वापीला मेहुण्याकडे आहे हे मीच शोधून काढलं. पोलीस ठाण्यात गेलो तर "वॉरंट आलेलं नाही." कोर्टात विचारलं तर "कधीच पाठवलं." परत ठाण्यात, तर "समन्सवाले साहेब रजेवर." चौथ्या खेपेला हवालदार म्हणाला, "जामीनदार तुम्ही, तुम्हीच आणा धरून." मी कोणत्या अधिकारात आणू? पत्ता लेखी दिला, पोच मिळाली नाही. पोच घेतल्याशिवाय हलू नका. मी हललो, म्हणून कोर्टात दाखवायला हाती काही नव्हतं.

माझ्या वकिलाचे 6,000 गेले. कोर्टाने दंड कमी करून 30,000 भरायला लावले. न भरले असते तर दिवाणी कोठडी, सहा महिन्यांपर्यंत.

कुणी आधीच सही करून बसला असेल आणि माणूस तारखा चुकवायला लागला असेल, तर नोटिशीची वाट बघू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 489 खाली जामीनदारीतून मुक्त करा असा अर्ज करता येतो. हे मला पैसे भरल्यावर कळलं.

तो सापडला की वहिनी तिसऱ्या कुणाला तरी फोन करतील. मुलीची दहावी तर मागच्याच वर्षी झाली होती.