गट (म्हणजे आतड्यातले जंतू) टेस्ट किट: बीपीचं कारण शोधायला गेलो, हाती आला रंगीत पाय चार्ट

तिशीतच बीपी 146/94, आणि आई म्हणते तू जन्मलास तेव्हा जेमतेम 2.1 किलोचा होतास, म्हणून हे किट मागवलं. डबी, चमचा, लिक्विडची नळी सगळं होतं, पण झाकण इतकं घट्ट की उघडताना अर्धं लिक्विड हातावर (पुढचं सांगत नाही). रिपोर्टमध्ये "बीपी स्कोअर 61", कशावरून ते काही पत्ता नाही. 2017 साली हाय बीपीवाल्यांच्या विष्ठेतले जंतू, जंतूमुक्त वाढवलेल्या उंदरांत सोडले तर त्यांचं बीपी वाढलं हे खरंय, फायबरपासून जंतू ॲसिटेट, ब्युटिरेट अशी छोटी आम्लं बनवतात नि त्याचा रक्तवाहिन्यांवर, किडनीवर परिणाम होतो हेही खरंय, पण कमी वजनाच्या बाळाच्या किडनीत बऱ्याचदा नेफ्रॉनच (रक्त गाळणाऱ्या बारीक चाळण्या) कमी असतात आणि ते काही मोठेपणी नव्याने बनत नाहीत, त्याचं काय? जन्माचं वजन, सिझर का नॉर्मल, गरोदरपणात आईचं बीपी, एक प्रश्न विचारला नाही हो! शेवटच्या पानावर मात्र त्यांच्याच प्रोबायोटिक कॅप्सूलची जाहिरात ठळक. दोन स्टार, तेही पार्सल वेळेत आलं म्हणून.