सागावरील फवारणीची सेवा: हात चांगला, पण येणे उशिरा

शिराळा तालुक्यातील आमच्या शेतात सात वर्षे वयाची सागाची ३०० झाडे आहेत. पहिल्या पावसानंतर कोवळी पालवी फुटली की तिच्यावर पाने खाणारी अळी पडते आणि काही दिवसांतच पानांच्या जाड शिरा तेवढ्या उरतात. झाडे पंचवीस फुटांवर गेल्याने पाठीवरच्या पंपाचा फवारा शेंड्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून यंदा जूनमध्ये ट्रॅक्टरवरील एचटीपी, म्हणजे जास्त दाबाच्या, पंपाने फवारणी करून देणारी सेवा घेतली.

कामात खोट काढण्यासारखे काहीच नाही. फवारणी करणाऱ्या माणसाने आधी पाने उलटून अळ्या पाहिल्या आणि जहाल कीटकनाशकाऐवजी बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे जैविक औषध सुचवले. ते अळीच्या पोटात गेले तरच काम करते, लहान अळीवर अधिक प्रभावी ठरते आणि कडक उन्हात त्याचा प्रभाव लवकर ओसरतो, हे सारे त्याला ठाऊक होते; म्हणूनच त्याने औषध पानाला चिकटून राहावे यासाठीचे स्टिकर मिसळून, संध्याकाळी पाचनंतर, उघडीप पाहून काम सुरू केले. बांधापलीकडे शेजाऱ्यांच्या मधपेट्या असल्यामुळे मला ही निवड फार मोलाची वाटली.

तक्रार आहे ती वेळेची. तासगावकडच्या द्राक्षबागांत पंप अडकल्याचे सांगत गाडी फोन केल्यापासून सहाव्या दिवशी आली. ही अळी साधारण दहा-बारा दिवसांत पूर्ण वाढते आणि मग धाग्यावरून खाली उतरून पालापाचोळ्यात कोषात जाते. त्यामुळे फवारणीचा खरा काळ वाट पाहण्यातच गेला आणि ओढ्याकडच्या झाडांवर वाचवण्यासारखे पान उरले नाही. झाड मरत नाही, पुन्हा पालवते, म्हणून बरेच शेतकरी याकडे काणाडोळा करतात. परंतु केरळ वन संशोधन संस्थेच्या निलंबूर येथील अभ्यासात या अळीमुळे कोवळ्या सागाच्या लाकडाची संभाव्य वाढ ४४ टक्क्यांनी घटल्याचे आढळले होते, आणि साग तर आपण लाकडासाठीच लावतो.

सप्टेंबरमध्ये पानांची जाळी करणारी दुसरी अळी दिसली, तेव्हा मी पुन्हा फोन केला. हंगामाची बरीचशी वाढ झालेली असते, पाने पुढे गळणारच असतात, तेव्हा फवारणीवर पैसे घालवू नका, असे त्याच माणसाने सांगितले. हातचे काम सोडून दिलेला हा सल्ला मी विसरणार नाही.

पुढच्या वर्षीही हीच सेवा घेईन, मात्र वळीव पडताच दिवस ठरवून आणि निम्मे पैसे आगाऊ देऊन.